बदली, आयशर आणि तीन रात्रींचा तंबू: एका कुटुंबाचा मे-जून

महाराष्ट्रात भाड्याची घरं हलतात ती बहुतेक मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते हे एक कारण, आणि दुसरं कारण सरकारी. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा जो कायदा आहे, त्यात एका जागेवरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल-मेमध्ये करायच्या असं म्हटलं आहे. त्यामुळे ज्या घरात कोणी राज्य सरकारचा अधिकारी असतो, त्या घरात दर तीन वर्षांनी एक मे महिना आंब्यांचा कमी आणि खोक्यांचा जास्त असतो.

हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. नाशिकच्या सिडकोत भाड्याने राहणारं पाच जणांचं कुटुंब. आई राज्य शासनात गट ब अधिकारी. बाबा एका व्यापारी फर्मचे हिशेब आणि कराची विवरणपत्रं सांभाळतात, बहुतेक काम घरूनच. आजी, म्हणजे बाबांची आई, सत्तरी ओलांडलेल्या. थोरली नुकतीच आठवी पास झालेली, धाकटा दुसरी संपवून तिसरीत गेलेला. बदली झाली ती आईची, साताऱ्याला. कुटुंबाशी माझी जुनी ओळख आहे. घर लागल्यावर पाचही जणांशी वेगवेगळं बसून बोलले आणि त्यांच्या परवानगीने, नावं न घालता, हे लिहिते आहे. वेगवेगळं बोलण्याचा फायदा असा झाला की एकाच महिन्याच्या पाच हकिकती मिळाल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. जिथे त्या जुळत नाहीत, तिथेच मला या प्रकरणात रस आहे.

आदेश आला तेव्हा

बदलीचा आदेश आला मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या वेळी स्वयंपाकघरात कुरडयांचा गहू भिजत होता. ज्यांच्याकडे कुरडया घरी होतात त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. मध्येच सोडून देता येत नाही. आजींनी सांगून टाकलं की बदली होईल तेव्हा होईल, चीक उद्या निघणार. पुढचे दोन दिवस गच्चीवर एका बाजूला कुरडया वाळत होत्या आणि दुसऱ्या बाजूला बाबा किराणा दुकानातून आणलेली रिकामी खोकी उन्हात टाकत होते, झुरळं निघून जावीत म्हणून. लोणचं मात्र आजींनी स्वतःहूनच पुढे ढकललं. तेलाची बरणी टेम्पोत चढवायची त्यांची तयारी नव्हती.

आता तारखा बघा, कारण सगळं प्रकरण तारखांच्या गुंत्यातून उभं राहिलं. सिडकोतल्या घराच्या कराराची मुदत ३१ मेला संपत होती, आणि घरमालकाने पुढचा भाडेकरू ठरवून ठेवला होता. आईला कार्यमुक्त करण्याची तारीखही ३१ मे. बाबांच्या दृष्टीने ३१ मे ही शेवटच्या तिमाहीचं टीडीएसचं विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख, म्हणजे वर्षातल्या ज्या चार-पाच दिवशी त्यांना कोणी हाकही मारू नये अशातला एक. साताऱ्यात गोडोली भागात फ्लॅट ठरला होता, पण आधीचे लोक ४ जूनला निघणार होते. मध्ये चार दिवस उरत होते, आणि त्या चार दिवसांत या पाच जणांना घर नव्हतं.

याखेरीज एक जुनं वचन होतं. थोरली शाळेत गाइडमध्ये होती. गाठी मारणं, तंबू उभारणं, खुणा लावून वाट दाखवणं तिला आवडतं. आठवीची परीक्षा झाली की सगळ्यांनी मिळून भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं आणि तंबूत राहायचं, असं जानेवारीतच ठरलं होतं. तंबूही घेऊन झाला होता. आदेश आल्यावर हा बेत बारगळलाच असं सगळ्यांनी धरून चाललं, तो मोडला असं तिला कोणी सांगितलंही नाही. तिनेही विचारलं नाही. ती बोलायचीच बंद झाली. आई म्हणते, ती चिडली होती. बाबा म्हणतात, ती समजूतदारपणे गप्प होती. थोरली स्वतः म्हणते, “मला कोणी विचारलंच नाही, मग मी काय बोलणार?” एकाच गप्प बसण्याचे तीन अर्थ लागले होते.

चार दिवसांचं काय करायचं यावर जेवताना चर्चा चालली होती. पुण्यात नातेवाईकांकडे जायचं, तर त्यांच्याकडेही सुट्टीचे पाहुणे. लॉजवर राहायचं, तर दोन खोल्यांचा चार दिवसांचा खर्च. तेव्हा आजी म्हणाल्या, “तंबू आहे ना घरात? मग लॉजला पैसे कशाला?” हे त्या खर्चाच्या बाजूने बोलल्या की नातीच्या, ते त्या अजून सांगत नाहीत. पण नकाशा उघडल्यावर दिसलं की भंडारदरा आडवाटेला नाहीच. नाशिकहून घोटी, तिथून भंडारदऱ्याचं शेंडी गाव, मग राजूर-अकोल्यावरून संगमनेरला पुण्याच्या हमरस्त्याला लागायचं, की पुढे चंदनापुरी घाट, पुणे, खंबाटकी घाट आणि सातारा. थोडा वळसा, तेवढंच.

कोणाच्या डोक्यात काय होतं

मी आईला आणि बाबांना वेगवेगळं विचारलं की घर हलवताना कोणी काय केलं. बाबांची यादी पाच मिनिटांत संपली आणि ती खोटी नव्हती. टेम्पो ठरवणं, खोकी आणणं, फ्रिज-वॉशिंग मशीन बांधणं, साताऱ्यातल्या मावसभावाशी बोलणं, इंटरनेट बंद करणं, विजेचं शेवटचं बिल. “कामं आम्ही वाटूनच घेतली होती,” ते म्हणाले. माझाही आधी तोच समज झाला.

आईची यादी संपेना, कारण ती कामांची नव्हतीच. धाकट्याच्या लसीकरणाचं कार्ड कोणत्या फायलीत आहे. आजींची रक्तदाबाची गोळी कोणत्या कंपनीची चालते आणि कोणत्या कंपनीची घेतली की त्यांना चक्कर येते. दूधवाल्याचे किती दिवसांचे पैसे राहिलेत. थोरलीचा चष्मा जून संपायच्या आत बदलायचा आहे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मेचा पूर्ण पगार आणि वर काही द्यायचं आहे, शिवाय त्यांना दुसरं घर बघून द्यायचं कबूल केलं आहे. शेजारच्या काकूंचा मोठा कुकर परत करायचा आहे. यातलं एकही काम तासभराचं नाही, पण एवढं सगळं एकाच डोक्यात होतं, आणि ते डोकं त्याच आठवड्यात कार्यालयात प्रभार सोपवण्याच्या याद्याही करत होतं.

माझं म्हणणं इथे मांडून ठेवते. घर हलवताना सामान कोणी उचललं यावरून कामाची वाटणी मोजली, तर हिशेब चुकतो. कोणाला विचारल्याशिवाय घरातली गोष्ट सापडत नाही, यावरून मोजली तर बरोबर येतो. सिडकोच्या घरात सगळे प्रश्न आईकडे जायचे. साताऱ्याच्या घरात जात नाहीत. मधल्या महिन्यात नेमकं काय घडलं, ते सांगायचं आहे.

कागद

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण असल्या उन्हाळ्यात माणसं दमतात ती इथेच, आणि मजा यात काही नसते.

धाकट्याचं सोपं झालं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे पहिली ते आठवीतल्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. साताऱ्यातल्या अनुदानित शाळेत त्याचं नाव दाखल्याआधीच लागलं. थोरली नेमकी आठवी ओलांडून गेली होती, म्हणजे या संरक्षणाच्या एक पायरी बाहेर. तिच्या जुन्या शाळेचं कार्यालय सुट्टीत आठवड्यातून दोनच दिवस उघडायचं आणि दाखल्यांचं रजिस्टर ज्यांच्या ताब्यात ते लिपिक गावी गेलेले. शिवाय कागदी दाखल्याबरोबर सरल या शाळांच्या ऑनलाइन नोंदींच्या प्रणालीतही मुलाची नोंद हलवावी लागते. नवी शाळा मागणी टाकते, जुनी शाळा ती मान्य करते. थोरलीला शेवटी पालकांच्या हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळाला आणि दाखला मागाहून पोस्टाने आला.

गॅसचं बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. गाव बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि मिळालेलं व्हाउचर दाखवून नव्या गावी जोडणी घ्यायची, तिथल्या तेव्हाच्या दराने अनामत भरून. शेगडी आपली. सिलिंडर टेम्पोत घालून न्यायचा नसतो. म्हणजे मधले काही दिवस घरात गॅस नसतोच, हे धरूनच चालायचं. भाडेकराराची नोंदणी ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार घरमालकाची जबाबदारी. साताऱ्याचे घरमालक या बाबतीत चोख निघाले. त्यांनी नेमलेल्या माणसाने ऑनलाइन नोंदणीसाठी नाशिकला अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस पाठवला. आईने एका हाताने अंगठा दिला, तेव्हा दुसऱ्या हातात चिकटपट्टी होती.

एक पेटी वेगळी

सामानाची बांधाबांध सुरू झाल्यावर आजींच्या त्या एका वाक्याचा परिणाम दिसायला लागला. तंबूत राहायचं तर त्याचं सामान टेम्पोत जाऊन चालणार नव्हतं, ते वेगळं काढायला हवं होतं. कोण काढणार? आईला वेळ नव्हता. बाबा टीडीएसमध्ये बुडालेले. काम थोरलीकडे गेलं, कोणी ठरवून दिलं नाही, तिच्याशिवाय कोणी मोकळं नव्हतं एवढंच. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती भराभर बोलायला लागली.

तिची यादी मी पाहिली आहे. गाइडच्या वहीच्या मागच्या पानावर होती. पाच ताटं, पाच वाट्या, दोन पातेली, कुकर नाही, सुरी, मीठ-तिखट-हळद-साखर-चहा, दोन विजेऱ्या आणि सेल, सुतळी, मेणकापड, पाच चादरी, एक सतरंजी, आजींची औषधं, धाकट्याचं तापाचं औषध, ओडोमॉस, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यांची मूळ कागदपत्रं. कागदपत्रं आईने सुचवली. बाकी सगळं तिचं. हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि दोन पिशव्यांत बसलं आणि गाडीच्या डिकीत गेलं.

घर बदलणारे लोक एकमेकांना नेहमी सांगतात की पहिल्या रात्रीचं खोकं वेगळं ठेवा. ते बहुतेकदा राहून जातं, कारण ती पहिली रात्र कशी असेल याचं चित्र बांधाबांध करताना डोळ्यापुढे नसतं. सगळी खोकी सारखीच महत्त्वाची वाटतात आणि शेवटी चमचा एका खोक्यात, पातेलं चौथ्या खोक्यात जातं. इथे मात्र तीन रात्री उघड्यावर काढायच्या आहेत हे ठाऊक होतं, म्हणून काय लागतं याचा विचार खरोखर झाला. भंडारदऱ्यासाठी भरलेली ती ट्रंकच पुढे साताऱ्याच्या घरात पहिले चार दिवस पुरली.

३१ मेला सकाळी चौदा फुटी आयशर टेम्पो आला. हमालांनी आधी कपाटं, मग गाद्या, मग खोकी चढवली. कुरडयांचा पत्र्याचा डबा आजींनी हमालांच्या हाती दिला नाही. तो गाडीत त्यांच्या पायाशी बसून साताऱ्यापर्यंत गेला. टेम्पो परस्पर साताऱ्याला रवाना झाला. तिथे मावसभावाचा एक रिकामा गाळा होता, त्यात सामान उतरवून कुलूप लावायचं ठरलं होतं. बाबांनी शेजारच्या काकूंच्या दिवाणखान्यात लॅपटॉप मांडून रात्री पावणेबाराला विवरणपत्र भरलं. सगळे त्या रात्री तिथेच झोपले. कुकर आयताच परत झाला.

भंडारदऱ्याच्या तीन रात्री

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर. धरण १९२६ साली पुरं झालं, म्हणजे आता शंभरीला आलेलं. मागे कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, वळवाचे एक-दोन पाऊस होऊन हवेत ओल आली की घाटघर, साम्रद, रतनवाडीकडच्या रानात काजव्यांचे थवे दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं चमकायला लागतात. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे जास्त आणि काजवे कमी, अशी अवस्था असते. आठवड्याच्या मधल्या रात्री असल्यामुळे या कुटुंबाला त्यातलं फारसं भोगावं लागलं नाही.

एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरामागच्या खळ्यात तंबू लावायची परवानगी मिळाली, जेवणही त्यांच्याकडेच. आजींची झोपायची सोय त्यांच्या पडवीत. पहिल्या संध्याकाळी बाबांनी तंबूसाठी आंब्याखालची गार जागा निवडली. थोरलीने ती नाकारली. एकटं मोठं झाड, वळवाचे दिवस, वीज पडायची ती तिथेच. दुसरी सपाट जागा ओढ्याकाठी होती, तीही नको. शेवटी खळ्याच्या वरच्या अंगाला, पाणी वाहून जाईल अशा उतारावर तंबू उभा राहिला. बाबा सांगतात, त्यांनी आणि थोरलीने मिळून लावला. धाकटा सांगतो, “ताईने लावला, बाबांनी खुंट्या दिल्या.”

चहाच्या वेळी एक गोष्ट घडली आणि ती मला तिघांनी आपापल्या परीने सांगितली, तपशील मात्र सारखा. बाबांनी विचारलं, साखर कुठंय? धाकट्याने विचारलं, माझी विजेरी कुठंय? आजींनी विचारलं, माझी गोळी? तिन्ही प्रश्न सवयीने आईला. आई म्हणाली, “मला नाही माहीत. हिला विचारा.” तिला खरंच माहीत नव्हतं. ट्रंक तिने भरलीच नव्हती. बाबांना ते ऐकून गंमत वाटली, आजींना जरा खटकलं. आईला काय वाटलं? “पाय लांब करून बसले,” एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती सकाळी नऊपर्यंत झोपली. आजींना यजमानीणबाईंसमोर त्याचा संकोच झाला आणि त्यांनी सूनबाई ऑफिसात फार दमते असा खुलासा तीन वेळा केला. यजमानीणबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दोघींचं मात्र जमलं. आजी माहेरच्या शेतकरी. पडवीत टांगलेल्या वालाच्या आणि भोपळ्याच्या बियांवरून बोलणं सुरू झालं ते काळभातावर गेलं. हा भात अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात जुना. देशी बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, तेव्हा बियांचा विषय या भागात नुसता आठवणीतला नाही. आजी निघताना मूठभर वाल पदरात बांधून घेऊन आल्या.

काजव्यांच्या रात्री यजमानांच्या मुलाने आधीच बजावलं होतं. विजेरी बंद, मोबाइलचा फ्लॅश बंद, पायवाट सोडून गवतात पाय टाकायचा नाही. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. नर उडत चमकतात, माद्या बहुधा खाली गवता-झुडपांत बसून उत्तर देतात. आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही, आणि गवत तुडवलं तर माद्याच चिरडतात. धाकट्याला पूर्ण अंधाराची भीती वाटत होती, म्हणून थोरलीने त्याच्या विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बसवून दिला. तो कागद तिच्या यादीत होता. मला तिच्या यादीबद्दल आदर वाटायला लागला तो इथे.

तिसऱ्या रात्री वळीव आला. वारा, मग गडगडाट, मग पाऊस. विजा जवळ यायला लागल्या तशी पडवीतून हाक आली आणि सगळे पक्क्या घरात गेले. तंबूत थांबण्यात काही शौर्य नव्हतं. तंबू उभा राहिला, पण आतल्या दोन चादरी भिजल्या. तंबूला दोन थर असतात, आणि आतल्या कापडाला काही टेकून ते बाहेरच्याला चिकटलं की पाणी आत झिरपतं. थोरलीने सामान मधोमध ठेवायला सांगितलं होतं. ऐसपैस झोपता यावं म्हणून बाबांनी पिशव्या कडेला सारल्या होत्या. यावर गाडीत अकोल्यापर्यंत वाद चालला. बाबांनी संगमनेरला चहा पाजून विषय मिटवला असं ते म्हणतात. मिटला नव्हता, कारण थोरलीने तो मला सविस्तर सांगितला.

तंबूतल्या राहण्याने कुटुंब जवळ येतं असं सर्रास म्हटलं जातं. मला या प्रकरणात तसं काही दिसलं नाही. तीन रात्रींत भांडणं झालीच, डास चावले, आजींची पाठ धरली. झालं ते इतकंच की तीन दिवस घरातली माहिती दुसऱ्याच माणसाकडे होती आणि आईवाचून कोणाचं अडलं नाही.

साताऱ्यात खोकी कोणी उघडली

४ जूनला कुटुंब साताऱ्यात पोहोचलं, दोन रात्री मावसभावाकडे काढल्या. गाळ्यातलं सामान फ्लॅटवर न्यायला हमाल मिळाले ते सोमवारी, आणि सोमवारीच आई रुजू होणार होती. तिने एक दिवस पुढे ढकलायचं मनात आणलं होतं. बाबांनी नको म्हटलं. त्यामागे विचार होता की नुसती सोय, कोण जाणे. बाबा प्रामाणिकपणे म्हणाले की त्यांना वाटलं होतं खोकी खोलीत नुसती उतरवून ठेवू आणि ती आल्यावर लावू.

पण स्वयंपाकघराची खोकी आजींनी त्याच दुपारी उघडली. इंडक्शन शेगडीवर ट्रंकेतल्या पातेल्यात खिचडी टाकली आणि ती शिजेपर्यंत मांडणीवर डबे लावायला सुरुवात केली. धाकटा डबे हातात देत होता. उंचावर ठेवायचं ते बाबांकडे. कागदांच्या फायली थोरलीने लावल्या, कारण कागदपत्रांची पिशवी भंडारदऱ्यापासून तिच्याकडेच होती. संध्याकाळी आई नव्या कार्यालयातून आली तेव्हा स्वयंपाकघर लागलेलं होतं, तिच्या पद्धतीने नव्हे. डाळी खाली, पिठं वर, मसाल्याचा डबा खिडकीजवळ. तिने आमटी फोडणीला टाकायला घेतली आणि हाक मारली, “आई, हिंग कुठंय?” आजींनी जागेवरून सांगितलं. दोघींच्याही लक्षात राहिलेला प्रसंग हाच आहे, फक्त आजी तो हसत सांगतात आणि आई जरा तुटकपणे.

ज्याने खोकी उघडली त्याला घर माहीत झालं. सिडकोत सगळं आईने लावलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक प्रश्न तिच्याकडे जायचा. कोणी आळशी होतं म्हणून नव्हे, तर उत्तर तिच्याकडेच होतं म्हणून. साताऱ्यात ती रुजू होण्याच्या घाईत होती, आणि भंडारदऱ्यामुळे इतरांना स्वतः शोधायची जराशी सवय लागलेली होती. दोन्ही गोष्टी योगायोगाच्या. कोणी बसून ठरवलं असतं तर, माझा अंदाज आहे, आईने रजा काढून सगळं पुन्हा एकटीने लावलं असतं, कारण तेच लवकर झालं असतं. समुपदेशक घरकामाच्या वाटणीचे तक्ते करून भिंतीवर लावायला सांगतात. तक्त्यात भांडी घासणं येतं. रक्तदाबाची कोणती गोळी चालते हे येत नाही.

आईला हे सगळं सुखाचं झालं असं मात्र समजू नये. आपल्याच स्वयंपाकघरात विचारून वस्तू घ्यायची हे तिला अजून टोचतं. “बाहेर मी नवी, घरातही मी नवी,” असं ती जूनच्या शेवटी म्हणाली होती. नव्या कार्यालयात तिचं बस्तान बसत नव्हतं, आणि घरात जी एक जागा संपूर्ण तिची होती ती वाटली गेली होती. ओझं कमी होणं आणि हुकमत कमी होणं या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. आपण घरकाम वाटून घ्यायच्या गोष्टी करतो तेव्हा हे दुसरं सहसा बोललं जात नाही.

आजींनी लोणचं साताऱ्यात घातलं, पाऊस लागल्यानंतर मिळालेल्या कैऱ्यांचं. त्या कैऱ्या आंबूस-गोडसर निघाल्या आणि लोणच्याचा रंग त्यांच्या मनासारखा नाही. भंडारदऱ्याचे वाल गॅलरीतल्या कुंडीत रुजले. गॅसची जोडणी दहा-बारा दिवसांनी आली. धाकट्याने आठवड्याभरात मित्र केले. थोरलीचं तसं नाही. तिच्या नव्या शाळेत गाइडचं पथक नाही, आणि नववीत वर्गातले गट आधीच पक्के झालेले असतात. रात्री ती नाशिकच्या मैत्रिणींशी फोनवर बोलते. घरात कागद, औषधं, बिलांच्या तारखा यांचं काहीही विचारायचं असलं की आता सगळे तिलाच विचारतात, आणि हे चौदा वर्षांच्या मुलीवर टाकावं का, असा प्रश्न मी बाबांना केला. त्यांनी तो लिहून घेतला. गेल्या महिन्यापासून औषधांचं आणि बिलांचं त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

आईचा साताऱ्यातला कार्यकाळ तीन वर्षांचा धरला, तर पुढच्या आदेशाच्या मे महिन्यात थोरली बारावीत जात असेल. तेव्हा सगळ्यांनी हलायचं की आईने एकटीने जायचं, यावर घरात आत्ताच दोन मतं आहेत. आजी कोणाच्या बाजूने आहेत, ते त्या अजून सांगत नाहीत.